पंचवीस पानांचा वानवळा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण ज्याने रचली, त्याने सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजला आहे हे गृहीत धरले असणार. लिहिणाऱ्याचे लेखन तसे शिजत नाही. काही करपते, काही गिचका होते, काही वर्षानुवर्षे कच्चे राहून एके दिवशी अचानक खाण्याजोगे होते. तरीही परदेशी विद्यापीठांत सर्जनशील लेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा तर शीतच मागतात : गद्याची पंचवीस-तीस पाने, कवितेची दहा-पंधरा. गुणपत्रके, शिफारसपत्रे, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण हे सगळे पाठवायचे असतेच. पण निवड मुख्यतः त्या पानांवर होते, असे बहुतेक विभाग स्वतःच सांगतात. इंग्रजीत त्याला ‘रायटिंग सॅम्पल’ म्हणतात. मराठीत ‘लेखनाचा नमुना’ म्हणावे तर कापडदुकानातल्या चिंध्या डोळ्यांपुढे येतात. आमच्या भोर-वेल्ह्याकडे नवे भात भरडून आले की ओळखीच्या घरी थोडे तांदूळ पाठवतात, त्याला वानवळा म्हणतात. घेणारा ते तांदूळ तळहातावर घेऊन पाहतो, हुंगतो. म्हणजे परीक्षा वानवळ्यातही असतेच. फक्त देणारा ती मागत नाही आणि घेणारा निकाल बोलून दाखवत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून वर्ष संपेपर्यंत आम्ही अशाच एका वानवळ्याच्या निवडण्या-पाखडण्यात गुंतलो होतो. (आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. तीसेक वर्षे वर्गात इंग्रजी शिकवली, त्यात ‘मी’ म्हणायची सवय मोडली ती मोडलीच.) अर्ज आमचा नव्हे, आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. मुलगी वेल्ह्याची, तोरण्याच्या पायथ्याची. भोरला बी. ए. केले, पुण्यात नोकरी धरली, आणि शनिवार-रविवारी कथा लिहीत राहिली. त्यातल्या दोन दिवाळी अंकांत छापून आल्या. मग एके दिवशी येऊन म्हणाली, “सर, अर्ज करायचाय. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येईल, म्हणजे बहुतेक जाता येणार नाही. पण पाने चांगली करून बघू.”

शेवटचे वाक्य आम्हाला आवडले. पूर्ण शिष्यवृत्ती देणारे अभ्यासक्रम वर्षाला मोजकेच विद्यार्थी घेतात आणि अर्ज जगभरातून येतात. अशा ठिकाणी आशेवर काम करू नये, पानांवर करावे.

मराठीत या सगळ्या प्रकाराकडे अजून संशयाने पाहतात. ‘लेखन कधी शिकवता येते का हो?’ हा प्रश्न आम्हाला या काळात निदान दहा जणांनी विचारला, आणि त्यांतल्या कुणालाही गाणे शिकवता येते याबद्दल शंका नव्हती. कीर्तनकाराचा मुलगा वडिलांच्या मागे झांजा वाजवत उभा राहतो ते शिक्षण. आणि कथाकाराने मात्र आकाशातून पडावे! दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाला गेले हे खरे, पण विद्यार्थी म्हणून नव्हे. १९६० मध्ये ‘कविता’ हा संग्रह प्रसिद्ध झालेला, नाव असलेला कवी म्हणून ते तिथल्या ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’मध्ये गेले. पॉल एंगल आणि ह्वालिंग निए यांनी १९६७ मध्ये सुरू केलेला तो उपक्रम पदवी देत नाही, लेखकांना काही काळ लिहायला जागा देतो. पदवी देणारा ‘रायटर्स वर्कशॉप’ त्याच विद्यापीठात १९३६ पासून चालू आहे, आणि त्याच्या दाराशी मात्र पानांची चाचणी आहे. आपल्याकडे या विषयाचा गंभीरपणे विचार करणाऱ्यांत विलास सारंग पहिल्या रांगेतले. इंडियाना विद्यापीठात शिकलेले, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारे सारंग. त्यांचे ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’ हे पुस्तक २००७ मध्ये आले. लिहिणे हे शोधण्यासारखे, घडवण्यासारखे काम आहे असे मानणाऱ्या त्या पुस्तकाची आपल्या वर्गांत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली आम्ही तरी पाहिली नाही.

आम्हाला मात्र या कामासाठी आयोवापर्यंत जावे लागले नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुक्यात शिवथरघळ आहे. दासबोध तिथे लिहिला गेला असे परंपरा मानते. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. प्रतिभेवर नव्हे, बोरू, शाई, कागद, रेघा आणि अक्षराचे वळण यांवर. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, असे समर्थ सांगतात. फार बारीक अक्षर तरुणपणी शोभते, म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून मध्यम काढावे. आणि चहूबाजूंनी जागा सोडावी, कारण कागदाच्या कडा झिजतात. कडा झिजल्या तरी अक्षर राहिले पाहिजे. विद्यापीठांच्या सूचनांत एक इंचाचा समास, बारा पॉइंटांचा टाइप, दोन ओळींत दुप्पट अंतर हे वाचून आमची विद्यार्थिनी वैतागली होती. तिला आम्ही हा समास वाचायला दिला. मग तिने निमूटपणे पाने लावली, आणि वर विचारले, की हे म्हातारपणी वाचता यावे हे त्यांनी वाचकासाठी लिहिलेय की लिहिणाऱ्यासाठी? उत्तर आम्हाला अजून सुचलेले नाही.

दुसरा आधार तर भोरच्या राजवाड्यातच होता. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत पंतसचिवांचे. सचिव म्हणजे आजचा मंत्रालयातला नव्हे. अष्टप्रधानांतल्या सचिवाकडे जी कामे होती त्यांत राजपत्रे तपासून त्यांतला जास्तीचा मजकूर काढणे आणि राहिलेला घालणे हेही होते. म्हणजे संपादक! अडीचशे वर्षांहून अधिक काळ आमच्या गावावर संपादकाच्या घराण्याचे राज्य होते, ही गोष्ट भोरकर सहसा सांगत नाहीत. त्यांना राजवाड्यात कोणत्या चित्रपटांचे चित्रीकरण झाले ते सांगायचे असते. पण अधिक काय आणि उणे काय, या दोन प्रश्नांखेरीज आम्ही त्या पाच-सहा महिन्यांत तिच्या पानांना वेगळे काही विचारले नाही.

आधी निवड करायची होती. तिच्याकडे नऊ कथा होत्या. त्यांपैकी एक पुण्यातल्या कॉल सेंटरमधली, चटपटीत, इंग्रजीत सहज उतरेल अशी. एक राजगडावर येणाऱ्या गिर्यारोहकांना ताक आणि पिठले-भाकरी विकणाऱ्या बाईची. ती दिवाळी अंकात छापलेली, पुष्कळांनी वाखाणलेली. आणि एक अर्धवट, कुठेच न छापलेली, तिच्या आजीच्या गावाची. ते गाव आंबी नदीच्या काठी होते. आज ते पानशेतच्या पाण्याखाली आहे.

हितचिंतकांचा कल गडाच्या कथेकडे होता. एका ओळखीच्या गृहस्थांनी तर त्यात शिवाजी महाराज अधिक आणा असा सल्ला दिला. बाहेरच्यांना इतिहास आवडतो म्हणे. ताकवालीच्या कथेत उणीव काही नव्हती, आणि तीच तिची उणीव होती. गड चढून आलेल्या माणसाला ती बाई जशी दिसते तशीच ती कथेत दिसत होती : वारा, घाम, पितळी तांब्या, थकलेले हसू. लिहिणारी त्या बाईच्या दारातून आत गेलेलीच नव्हती. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या जेजुरीवर अरुण कोलटकरांनी इंग्रजीत कविता लिहिल्या, १९७६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले, १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल पारितोषिक मिळाले. त्या कविता बसने आलेल्या आणि परत जाणाऱ्या माणसाच्या आहेत, आणि त्या पाहुणेपणातच त्यांची ताकद आहे. पण वेल्ह्याच्या मुलीने वेल्ह्यातच पाहुणी होऊन लिहावे हे कशासाठी? तर केवळ वाचणारे पाहुणे असतील म्हणून. हा व्यवहार आम्हाला पटेना. तिलाही पटला नाही, हे तिने दुसऱ्याच दिवशी अर्धवट कथा घेऊन येऊन सांगितले.

त्या कथेचे पहिले पान असे होते : रात्र, विजा, कुत्र्यांचे रडणे, आणि गावात अचानक घुसलेले पाणी. पोर कडेवर घेऊन धावणारी आई. लेखनाची इंग्रजी मार्गदर्शने वाचली की असे पान आपोआप लिहिले जाते. वाचकाला पहिल्या परिच्छेदात पकडा, परीक्षक शेकडो अर्ज वाचतो, त्याला दुसऱ्या पानापर्यंत नेले नाही तर संपले, हा उपदेश त्यांत पुन्हापुन्हा येतो. उपदेश खोटा नाही. थकलेला वाचक हा खरा वाचक असतो, आणि वर्गात दुपारच्या तासाला शिकवलेल्या कुणालाही हे माहीत असते.

तिने ते पान वाचून दाखवले ते आजीला. आम्ही त्या दिवशी पाबे घाटाच्या रस्त्याने वेल्ह्याला गेलो होतो आणि पडवीत बसलो होतो. आजी सत्तरीच्या पुढची, लेकीकडे राहते. शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “रातचं कुठलं पाणी? दिसाढवळ्या आलं की. रोज इहिरीची येकयेक पायरी जायाची. आमी पोरं मोजायचो.”

मग ती बोलत राहिली. पाणी आधी नदीकाठच्या खाचरांत उभे राहिले, आणि भाताच्या खाचरात पाणी उभे राहण्यात कुणाला काय वाटणार? ते तर हवेच असते. मग ते बांधावरून गेले. मग विहीर. मोठी माणसे वरच्या वाडीत सामान नेत होती, दारांच्या चौकटी काढून नेत होती, आणि पोरांना विहिरीची पायरी मोजायचे काम लागले होते. कुणी रडले का? रडले असतील, तिला आठवत नाही. तिला एवढेच आठवते की वरच्या वाडीत नातलगांच्या पडवीत झोपायची मजा वाटत होती.

“आन् मग धरण फुटलं,” ती म्हणाली. “पुणं बुडालं त्या दिशी आमचं गाव उघडं पडलं.”

हे वाक्य ऐकून आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसलो. १२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यात कुणाला सांगावी लागत नाही. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, पेठांत पाणी शिरले. त्या पुरावर लेख आहेत, आठवणी आहेत, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा भिंतींवर जपलेल्या आहेत. पण धरण फुटले म्हणजे वरचे तळे रिकामे झाले, आणि तळे रिकामे झाले म्हणजे त्याच्या तळाशी जे होते ते पुन्हा उन्हापावसात आले, हा साधा हिशेब आम्ही आयुष्यभर पुणे जिल्ह्यात राहून कधी मांडला नव्हता. तो मांडायला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे लागते. आजी आणि तिची भावंडे चिखलात माखलेल्या भिंती पाहायला खाली उतरली. तिथे फार वेळ थांबू दिले नाही. पुढे धरण पुन्हा बांधले गेले आणि गाव दुसऱ्यांदा, कायमचे गेले. त्या जलाशयाला आता तानाजीसागर म्हणतात. शेजारच्या वरसगावच्या जलाशयाला बाजी पासलकरांचे नाव आहे, आमच्या भाटघरच्या पाण्याला येसाजी कंकांचे. पाण्याला वीरांची नावे मिळाली. तळाशी असलेल्या वाड्यांची नावे सातबाऱ्यावर होती, तीही गेली. भाटघरचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की कांबऱ्याचे शिवमंदिर वर येते आणि लोक ते पाहायला गाड्या काढून जातात. मंदिराचे फोटो निघतात, गावाबद्दल कुणी विचारत नाही.

रात्रीचे पान तिने त्याच आठवड्यात काढून टाकले. नवी कथा विहिरीपासून सुरू झाली : पायऱ्या मोजणारी पोरे आणि रोज एकेक कमी होणारा आकडा. परीक्षकाला हे पकडेल का, असे तिने विचारले. आम्ही म्हटले, की पहिल्या परिच्छेदात एक आकडा आहे, दुसऱ्यात तो कमी झाला आहे. तिसऱ्यात तो किती झाला हे पाहायला थकलेला माणूसही थांबतो. विजा लागत नाहीत.

खरी झटापट इंग्रजीची. आम्ही ज्या ज्या अभ्यासक्रमांच्या सूचना वाचल्या त्यांत मराठी पाने घेणारा एकही नव्हता. स्पॅनिशला तेवढी सोय आहे. टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो शाखेत स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिता येते. मराठीचा अर्जदार आधी आपलाच अनुवादक होतो आणि मग परीक्षेला बसतो. विलास सारंगांनी ब्रियन मिचेल यांच्या साथीने आपल्या कथा इंग्रजीत नेल्या, ‘फेअर ट्री ऑफ द व्हॉइड’ हे पुस्तक १९९० मध्ये झाले. पण तो पक्क्या लेखकाचा उद्योग होता, अर्जदाराचा नव्हे.

पहिल्या इंग्रजी खर्ड्यात पानोपानी स्पष्टीकरणे होती. ‘राब भाजणे’ आले की चार ओळी : पेरणीपूर्वी रोपांच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून त्या जाळतात, त्यामुळे तण मरते, वगैरे. कृषिखात्याच्या पत्रकात शोभले असते. मूळ मराठीत एवढेच होते, की आई पोरीला सांगते, जा, राबाची आग बांधाला लागली का बघून ये. आम्ही चार ओळी काढल्या आणि आईचे वाक्य ठेवले. ‘राब’ हा शब्द तसाच राहिला. पोर धावत गेली, धूर डोळ्यांत गेला, कडेची करवंदीची जाळी वाचली. वाचणाऱ्याला जेवढे कळायचे तेवढे कळते. यातून आमचा एक ठोकताळा बसला : कथेतले माणूस ज्याला जे समजावून सांगणार नाही ते लिहिणाऱ्यानेही सांगू नये. ‘इरले’ राहिले, कारण ते अंगावर घेतल्यावर त्यातून पाणी गळते. ‘माची’ गेली, कारण ती नुसतीच शोभेला आली होती. आणि ‘आजी’ला इंग्रजी शब्द लावायचा नाही, हे तर आधीच ठरले होते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे (१९५५) इंग्रजी भाषांतर १९५८ मध्ये आले तेव्हा त्याचे नाव झाले ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. नाव सुंदर आहे, आम्हाला ते नावडत नाही. पण मराठी वाचकाला एका वाडीचे नाव पुरते आणि इंग्रजी वाचकाला त्या वाडीबद्दल काहीतरी सांगावे लागते, हा फरक त्या दोन मुखपृष्ठांवरच दिसतो. आमच्या विद्यार्थिनीने वाडीचेच नाव ठेवावे की काही सांगावे, यावर आमचे दोन रविवार गेले. कारण तिच्या मराठी कथेचे नाव होते ‘गाव उठलं’.

धरणाच्या मुलखात या दोन शब्दांचा अर्थ कुणी विचारत नाही. गाव उठले म्हणजे गावाला उठवले. भांडी, चुली, देव, गुरे घेऊन माणसे गेली आणि घरे मागे राहिली. जेवणावरून उठणे, बाजार उठणे, मन उठणे, सगळ्या छटा त्यात आहेत. इंग्रजीत ‘द व्हिलेज रोज’ असे लिहिले तर गाव बंड करून उठले, किंवा पहाटे जागे झाले. ‘विस्थापित’साठी असलेला शब्द शासकीय, तो लावला की आजी एकदम तक्त्यातला रकाना होते. ‘गेले’, ‘हलवले’, ‘रिकामे झाले’ अशा सगळ्या वाटा चालून पाहिल्या. एकेक शब्द घेऊन आम्ही दोन-दोन तास बसत होतो आणि चहाचे कप साचत होते.

मग तिलाच ते दिसले. पडवीतल्या त्या वाक्याचा ती कथेच्या शेवटाकडे उपयोग करत होती : पुणे बुडाले त्या दिवशी गाव पाण्यातून वर आले. म्हणजे त्या एका दिवसापुरते इंग्रजीतले चुकीचे भाषांतर बरोबर होते! गाव खरोखरच उठले होते, पाण्यातून, चिखलासकट, आणि लेकरे ते पाहायला धावली होती. तिने इंग्रजी शीर्षक ‘द व्हिलेज रोज’ हेच ठेवले. पहिल्या पानापासून इंग्रजी वाचक बंडाची किंवा पहाटेची वाट पाहणार, त्याला विहिरीच्या पायऱ्या मिळत जाणार, आणि एकविसाव्या पानावर शब्दाचा अर्थ समजणार. तो मराठी अर्थ नव्हे. पण मराठी वाचकाला जो अर्थ पहिल्याच शब्दाला ठाऊक असतो त्यात हा दुसरा अर्थ नव्हता, हेही खरे. एखादी कथा दुसऱ्या भाषेत जाताना काहीतरी सांडते असे आम्ही वर्गात शिकवत आलो. इथे थोडे भरले गेले.

आजीच्या बोलीचे काय करायचे, हा प्रश्न आम्ही लवकर मिटवला. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या शेतकऱ्याची इंग्रजी तिच्या तोंडी घालून पाहिली. मावळातली म्हातारी एकदम कापसाच्या शेतात उभी राहिली. ते पान आम्ही हसत हसत फाडले. तिला साध्या, तुटक, छोट्या वाक्यांची इंग्रजी दिली. बोली गेली, बोलण्याची पद्धत, म्हणजे प्रश्नाला उत्तर न देता दुसरीच गोष्ट सुरू करायची ती आजीची खोड, ती राहिली.

बाकीच्या कागदांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. उद्देशपत्र तिने एका बैठकीत लिहिले आणि ते बरे होते. शिफारसपत्राच्या फॉर्मवर आम्हाला विचारले होते, की ही विद्यार्थिनी तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत वरच्या एक टक्क्यात येते, पाच टक्क्यांत की दहा. आमच्या बी. ए.च्या इंग्रजीच्या वर्गात एकेका वर्षी अकरा मुले असत. पत्त्याच्या रकान्यात तालुका ‘वेल्हे’ लिहावा की ‘राजगड’, हाही एक घोळ झाला, कारण राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला आहे. कथेत वेल्हेच राहिले. १९६१ मध्ये दुसरे कुठले असणार?

एका गोष्टीवर मात्र शेवटपर्यंत आमचा वाद होता. पाने सव्वीस झाली होती, मर्यादा पंचवीस. सचिवाच्या न्यायाने अधिक ते काढायचे. दारांच्या चौकटी उपसून नेण्याचे अर्धे पान आम्हाला काढता येण्यासारखे वाटत होते. तिचे म्हणणे, कापायचे तर माझे वर्णन कापा, सुताराचे काम कापू नका. चौकटीत लाकूड कसे बसवलेले असते, ते न फोडता काढायला खुंट्या कोणत्या क्रमाने सैल कराव्या लागतात, हे तिने गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडून समजून घेतले होते. अखेर गेले ते पावसाचे वर्णन, सगळेच्या सगळे, आणि कथेला त्याची गरज नव्हती हे पुन्हा वाचल्यावर लगेच लक्षात आले. पाऊस विहिरीत दिसतच होता.

पाच ठिकाणी अर्ज गेले. पहिला डिसेंबरच्या सुरुवातीला, शेवटचा जानेवारीच्या मध्यावर. दोन नकार आले आहेत, दोन ओळींचे आणि सभ्य. एका ठिकाणी तिचे नाव प्रतीक्षायादीत आहे. उरलेल्या दोन ठिकाणांहून काही नाही, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत असेच चालते. तिला वाईट वाटले का, हे आम्ही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. नोकरी चालू आहे.

तिच्यापुढे सध्या वेगळेच काम आहे. शेवटच्या महिन्यात तिने मधली चार पाने थेट इंग्रजीत लिहिली. त्यांना मराठी मूळच नाही. मुले चिखलातून गावात उतरतात, स्वतःच्या घरात शिरतात आणि वरच्या फडताळात पाण्याने न नेलेले एक मडके सापडते, ती पाने. आजीला हे कळले. परक्या लोकांनी आपले गाव वाचले आणि आपल्याला ते ऐकवले नाही, यावर ती रुसली. तेव्हा आता ती चार पाने मराठीत लिहिणे चालले आहे, आणि जमत नाही. जे इंग्रजीत एका ओघात आले ते मराठीत आले की लगेच खोटे वाटते, कारण मराठीत ऐकणारी समोर बसलेली असते.

परवा पहिले पान झाले म्हणून तिने ते वाचून दाखवले. आजीने मध्येच थांबवून विचारले, “त्या दिशी इहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या म्हून लिवलंस?”

“सात.”

“नऊ व्हत्या.”

मराठीत नऊ केल्या आहेत. इंग्रजी पाने गेलेली आहेत, त्यांत सात आहेत.